लास व्हेगाससारख्या कॅसिनोच्या शहरात कला-मनोरंजनावर लिहिणाऱ्याचं आयुष्य कसं असतं?

तुमचा प्रश्न असा आहे: जुगारावर चालणाऱ्या शहरात कला-मनोरंजनाबद्दल लिहिणारा माणूस दिवसभर करतो काय, आणि झगमगाट बाजूला केला तर त्याला लिहिण्यासारखं काही उरतं का? लास व्हेगासमध्ये मी बरीच वर्षं हेच काम करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या, कारण बाकीचं सगळं तिच्यातून निघतं. इथल्या मनोरंजन-लेखकाला दोन वाचक असतात आणि त्यांचं एकमेकांशी काही देणंघेणं नसतं. एक म्हणजे पाहुणा. वर्षाला चार कोटींच्या आसपास माणसं इथे येतात, तीन-चार दिवस राहून जातात. त्यांचा प्रश्न एकच: हातात एक संध्याकाळ आहे, खिशात इतके डॉलर आहेत, काय बघू? दुसरा वाचक म्हणजे इथला रहिवासी. क्लार्क काउंटीत, म्हणजे लास व्हेगास ज्या जिल्ह्यात येतं तिथे, 23 लाखांच्या आसपास लोक राहतात, आणि त्यातले कितीतरी जण याच शोंमध्ये नाचतात, प्रकाशयोजना सांभाळतात, कपडे शिवतात, प्रेक्षकांना जागेवर नेऊन बसवतात. अमुक शो बंद होतोय हे खरं का, आणि झाला तर त्यातल्या लोकांचं काय, हे त्यांना कळायला हवं असतं. पाहुण्यासाठी लिहिणं सोपं आहे. रहिवाशासाठी लिहिता आलं तरच या कामात अर्थ आहे, असं मला मनापासून वाटतं.

सकाळ फोन आणि ईमेलमध्ये जाते. कोणत्या गायिकेचा मुक्काम वाढला, कोणतं थिएटर किती दिवस ‘डार्क’, म्हणजे प्रयोगांविना बंद, राहणार, कुणाच्या जागी कोण आलं. खरं काम रात्रीचं. मोठे शो बहुधा एका रात्रीत दोनदा होतात, सातला आणि साडेनऊला. मी शक्यतो साडेनऊचा बघते. पहिल्या प्रयोगाचा शीण अंगात असताना कलाकार स्वतःला कसे सांभाळतात ते तेव्हा दिसतं, आणि परीक्षणात लिहिण्याजोगं मला बहुतेकदा तिथेच सापडतं. थिएटरपर्यंत जायला कॅसिनोचा मजला ओलांडावाच लागतो, इमारती मुळात तशाच बांधल्या आहेत. गालिचा, स्लॉट मशीनचा अखंड किणकिणाट, सिगारेटचा वास (कॅसिनोत इथे अजूनही ओढता येते), मग एक जड दार आणि पलीकडे काळोख. या पाच मिनिटांच्या चालण्याची मला इतकी सवय झाली आहे की, साध्या नाट्यगृहात शिरताना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

एक उदाहरण देते. बेलाजिओ हॉटेलात 1998 पासून सर्क दु सोलेय या सर्कस-कंपनीचा ‘ओ’ हा शो चालू आहे. रंगमंचाच्या जागी 15 लाख गॅलनचा, म्हणजे सुमारे 57 लाख लिटर पाण्याचा हौद आहे. त्याचा तळ यंत्राने वरखाली होतो, त्यामुळे मघाशी जिथे कुणी सूर मारला तिथूनच थोड्या वेळाने कुणीतरी पाय जेमतेम भिजवत चालत येतं. उंचावरून एक मुलगी पाण्यात झेपावते आणि वर येतच नाही. प्रेक्षक पुढच्या दृश्यात गुंततात आणि तिला विसरतात. खाली पाणबुडे थांबलेले असतात. ते तिला श्वासासाठी हवेची नळी देतात आणि पाण्याखालूनच नजरेआड नेतात. पाहुण्याला मी सांगते, परवडत असेल तर हा शो बघाच. रहिवाशांसाठी मात्र पाणबुड्यांवर लिहिते: त्यांची पाळी कशी लागते, इशारे कसे चालतात, कानाचं दुखणं कसं मागे लागतं. असा लेख आला की हमखास पत्रं येतात, आणि ती याच शहरातून येतात.

पैशाचं गणित कळल्याशिवाय इथली कला कळत नाही. नेवाडा राज्यात जुगार 1931 साली कायदेशीर झाला आणि स्ट्रिपवरचं, म्हणजे मोठ्या कॅसिनो-हॉटेलांच्या रस्त्यावरचं, पहिलं रिसॉर्ट, एल रँचो व्हेगास, 1941 मध्ये उघडलं. पुढे कित्येक दशकं शो तोट्यात गेला तरी हरकत नसे. स्वस्तात जेवण आणि फ्रँक सिनात्राचं गाणं दिलं की, बाहेर पडताना माणूस जुगाराच्या टेबलाशी बसणारच, हा हिशेब. 1989 मध्ये मिराज हे कॅसिनो-हॉटेल उघडलं आणि वारं फिरलं: शोनेही स्वतःचं कमवायला हवं. आज स्ट्रिपवरच्या मोठ्या हॉटेलांच्या उत्पन्नात जुगाराचा वाटा निम्म्याहून कमी आहे. लहान शो बहुधा ‘फोर-वॉल’ करारावर चालतात, म्हणजे हॉटेल नुसती जागा देतं आणि भाडं, जाहिरात, पगार सगळं निर्मात्याच्या गळ्यात. शिवाय बहुतेक तिकिटांवर राज्याचा 9 टक्के करमणूक कर, आणि सवलतीत तिकिटं विकणाऱ्यांचं कमिशन वेगळंच. एखादा उत्तम जादूगार काही महिन्यांत दिसेनासा झाला तर मी आधी त्याच्या भाड्याची चौकशी करते.

1989 हेच वर्ष वादकांच्या संपाचं. मोठ्या हॉटेलांना शोसाठी वाद्यवृंदाऐवजी टेप लावायची होती. वादक कित्येक महिने रस्त्यावर उभे राहिले आणि शेवटी बरंचसं हरले. त्याआधी या शहरात रोज रात्री जितकं जिवंत संगीत वाजत होतं तितकं पुन्हा कधी वाजलं नाही. हे नुकसान अजून भरून निघालेलं नाही, असं माझं ठाम मत आहे.

फुकट तिकिटांचं काय, हा प्रश्न मला नेहमी येतो. परीक्षणासाठी दोन जागा मिळतात, ही जुनी रीत आहे आणि त्या मी घेते. जेवण, खोली, ‘नुसतं एक ड्रिंक घ्या ना’ हे काही घेत नाही. कॅसिनोचं सगळं तंत्रच ‘कॉम्प’, म्हणजे फुकट खाणं-पिणं-खोली, देऊन माणूस बांधून ठेवण्यावर उभं आहे. प्रतिकूल परीक्षणानंतर एका निर्मात्याच्या प्रसिद्धी विभागाने बरेच महिने माझे फोन घेतले नाहीत. त्यांचे पुढचे शो मी तिकीट काढून पाहिले आणि चांगले होते तेव्हा चांगलं लिहिलं. याहून अवघड बाब मालकीची आहे. डिसेंबर 2015 मध्ये शहरातलं सर्वांत मोठं दैनिक, लास व्हेगास रिव्ह्यू-जर्नल, 14 कोटी डॉलरना विकलं गेलं तेव्हा खरेदीदाराचं नाव गुप्त ठेवलं होतं. ते कॅसिनो व्यावसायिक शेल्डन अ‍ॅडेल्सन यांचं कुटुंब आहे हे त्याच दैनिकाच्या बातमीदारांनी शोधून छापलं. या शहरात पत्रकारिता करणाऱ्या प्रत्येकाला त्या बातमीदारांचा अभिमान वाटावा, मला तर वाटतोच.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, काही उरतं का. पाहुण्यांना जे लास व्हेगास म्हणून माहीत असतं ती स्ट्रिप जवळजवळ सगळी शहराच्या हद्दीबाहेर, काउंटीच्या पॅराडाइज नावाच्या भागात येते. शहर तिच्या पलीकडे आहे, पण त्याची कला स्ट्रिपच्याच लोकांनी उभी केली. स्ट्रिपवरच्या ट्रॉपिकाना हॉटेलात ‘फोली बर्जेअर’ हा पिसाऱ्यांचा आणि नर्तकींचा शो 1959 पासून पन्नास वर्षं चालला. त्यातले प्रमुख नर्तक वासिली सुलिच यांनी 1972 मध्ये स्ट्रिपवरच्या नर्तकांना गोळा करून बॅलेचे कार्यक्रम सुरू केले, आणि त्यातून आजचं नेवाडा बॅले थिएटर उभं राहिलं. रात्री शो आणि सकाळी बॅलेचा सराव! शरीराची केवढी मेहनत ती. मार्च 2012 मध्ये डाउनटाउनजवळ, म्हणजे शहराच्या जुन्या मध्यभागाजवळ, स्मिथ सेंटर उघडलं, तेव्हा या बॅलेला आणि 1998 मध्ये स्थापन झालेल्या लास व्हेगास फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाला पहिल्यांदा हक्काचं मोठं सभागृह मिळालं. बॅलेचे आणि सर्कचे नर्तक मिळून स्वतःच्या नव्या रचना सादर करतात असाही एक उपक्रम आहे. एरवी सर्कचा शो होतो त्याच थिएटरात, दिवसा. रात्री एका आकृतीत बसवलेलं शरीर दुपारी स्वतःच्या मनाने हलताना मी तिथे पाहिलं आहे. स्ट्रिपवर लाखो डॉलर खर्चूनही तेवढं धाडस क्वचित दिसतं.

चित्रकलेची गोष्ट थोडी खडतर आहे. लास व्हेगास आर्ट म्युझियम 2009 मध्ये बंद पडलं आणि त्यानंतर एवढ्या मोठ्या शहराला स्वतःचं कलासंग्रहालय उरलं नाही. सार्वजनिक वाचनालयांनी ती उणीव जमेल तशी भरून काढली. कितीतरी शाखांमध्ये गॅलरी आहे, काहींत नाट्यगृहही आहे आणि बरेच कार्यक्रम मोफत असतात. माझं निम्मं लिखाण तिथून येतं.

मग इतिहास. 1950 च्या दशकात सॅमी डेव्हिस ज्युनियर किंवा नॅट किंग कोल यांच्यासारखे कृष्णवर्णीय कलाकार स्ट्रिपवर गाऊन टाळ्या घेत, आणि झोपायला मात्र त्यांना वेस्टसाइड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या खाजगी घरांत जावं लागे. 1955 मध्ये तिथे मूलाँ रूज हे सर्वांना खुलं असलेलं पहिलं कॅसिनो-हॉटेल उघडलं आणि काही महिन्यांतच बंद पडलं. पण मार्च 1960 मध्ये वर्णभेद उठवण्याचा करार झाला तो त्याच वास्तूत. हे ठाऊक नसताना इथल्या ‘सोनेरी काळा’वर कुणी लिहू नये.

बंद पडलेल्या शोंवरचे लेख मी सर्वांत जास्त जीव लावून लिहिते. ‘जुबिली’ 1981 ते 2016 चालला. बॉब मॅकी आणि पीट मेनेफी यांची वेशभूषा, रंगमंचावर टायटॅनिक बुडायचं. नोव्हेंबर 1980 मध्ये ज्या हॉटेलाला लागलेल्या आगीत 85 माणसं गेली त्याच हॉटेलात तो काही महिन्यांनी सुरू झाला होता. ट्रॉपिकाना 9 ऑक्टोबर 2024 ला पहाटे सुरुंग लावून पाडलं. मिराज त्याच वर्षी जुलैत बंद झालं. अशा वेळी मी वेशभूषा विभागातल्या बायकांकडे जाते. कोणता पिसारा कुणाच्या मापाने बदलला, कुणाच्या डोक्यावर तो नीट बसत नसे, हे त्यांना तोंडपाठ असतं.

दोन काळ असे होते की, मनोरंजन-लेखक आणि बातमीदार हा फरकच उरला नाही. 1 ऑक्टोबर 2017 ला स्ट्रिपवरच्या खुल्या मैदानातल्या संगीत महोत्सवावर गोळीबार झाला. त्या रात्री 58 आणि नंतर जखमांनी आणखी दोघं, असे 60 जण गेले. जे गाणी ऐकायला आले होते त्यांच्याबद्दल कोणत्या शब्दांत लिहायचं, हे आम्ही तेव्हा शिकलो. काही दिवसांतच डाउनटाउनजवळ स्वयंसेवकांनी झाडं लावून स्मृतिबाग उभी केली. दुसरा काळ मार्च 2020 चा, करोनामुळे सगळं बंद झालं तेव्हाचा. कॅसिनो 4 जूनला उघडले, पण थिएटरं बंदच राहिली. सर्कने जवळजवळ सगळ्या कर्मचाऱ्यांना घरी बसवलं आणि ‘ओ’ परत सुरू व्हायला जुलै 2021 उजाडला. मधल्या वर्षभरात कसरतपटू गोदामात सामान भरत होते, वादक घरून शिकवण्या घेत होते. त्यांच्याशी तेव्हा फोनवर झालेलं बोलणं हीच माझ्या त्या वर्षीच्या लिखाणाची सामग्री होती.

तुम्हाला हे काम करायचं असेल तर हिशेबवही वाचायला शिका आणि रंगमंचामागच्या लोकांची नावं पाठ ठेवा. नुसतं बघायला येणार असाल तर महिन्याचा पहिला शुक्रवार धरून या. डाउनटाउनच्या आर्ट्स डिस्ट्रिक्टमध्ये 2002 पासून त्या संध्याकाळी गॅलऱ्या आणि रस्ते कलाकारांनी भरतात, आणि तिथे भेटणारा चित्रकार दिवसा कुठल्यातरी शोचं नेपथ्य रंगवत असण्याची बरीच शक्यता असते. ऑक्टोबर ते एप्रिलमधला महिना निवडा. फिरायचं पायी असतं, आणि 7 जुलै 2024 ला इथे पारा 120 फॅरनहाइटवर, म्हणजे जवळपास 49 सेल्सिअसवर गेला होता.