समर्थांची नजर आणि कोडॅकची कथा

प्रश्न : आमच्या नौपाड्याच्या घरी, पणजोबांच्या काळापासून देवघरात श्रीस्वामी समर्थांचे एक जुने छायाचित्र आहे. कोडॅक कंपनीच्या मालकाने अक्कलकोटला येऊन ते स्वतः काढले, असे वडीलधारे सांगतात. आजी म्हणे, स्वामी गोरेपान होते. चित्रात मात्र वर्ण काळपट, कपाळीचे गंध काळे आणि नजर रागीट दिसते. यावरून काय समजावे?
— एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : कोडॅकची कथा पुष्कळ घरांत श्रद्धेने सांगितली जाते, पण ती कालगणनेत बसत नाही. स्वामींनी चैत्र वद्य त्रयोदशी, शके १८०० रोजी, म्हणजे ३० एप्रिल १८७८ ला समाधी घेतली, आणि कोडॅक कंपनीचे संस्थापक जॉर्ज ईस्टमन यांनी ‘कोडॅक’ नावाचा कॅमेरा बाजारात आणला तो १८८८ मध्ये. शिवाय मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ पासून होती; अक्कलकोटला छायाचित्रकार यायला कोणी साहेब सातासमुद्रापलीकडून येण्याची गरज नव्हती.

आता वर्णाविषयी. स्वामींच्या हयातीत काढलेले छायाचित्र बहुधा ओल्या काचेच्या पद्धतीचे असणार. या पद्धतीत काचेवर कलोडियन या चिकट द्रावाचा थर देऊन ती चांदीच्या क्षारात बुडवीत आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालीत. हा थर निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देतो. तांबडा आणि पिवळा रंग त्याला जवळजवळ दिसतच नाहीत. त्यामुळे कुंकवाचा टिळा काळा उमटतो, भगवे वस्त्र गडद होते, उन्हाने तांबूस झालेली त्वचा असते त्याहून सावळी भासते, आणि भस्म मात्र पांढरेच राहते. तेव्हा आजींचे म्हणणे या चित्रावरून खोडून काढता येत नाही, सिद्धही करता येत नाही.

नजरेचेही तसेच. अशा काचेला काही सेकंद प्रकाश द्यावा लागे आणि तेवढा वेळ समोरच्याला हलता येत नसे. ओठ मिटून, डोळे एका जागी रोखून बसलेला माणूस, मग तो सत्पुरुष असो की सावकार, करारीच दिसतो. त्या मुद्रेत कोप किंवा कृपा शोधणे हा भक्ताचा अधिकार आहे. तो पुरावा म्हणून मांडू नये, एवढेच.

माझ्या मते खरा प्रश्न आपल्या हातातील प्रत कोणत्या काळची, हा आहे. भिंगातून पाहता बारीक ठिपक्यांची जाळी दिसली, तर ते छापखान्यातले चित्र आहे. पातळ, पिवळसर तपकिरी कागद जाड पुठ्ठ्यावर डकवलेला असेल, तर अंड्याच्या बलकाच्या नव्हे, पांढऱ्याच्या लेपाची ती एकोणिसाव्या शतकातील प्रत असू शकते. गडद भागांत, विशेषतः कडेला, तिरप्या उजेडात आरशासारखी चंदेरी झाक आली, तर प्रत बहुधा त्यानंतरची. आणि सुरकुती किंवा खिळ्याचे भोक बोटाला लागत नाही पण डोळ्याला दिसते, असे असेल, तर ते छायाचित्राचे छायाचित्र होय. देवघरांतल्या कितीतरी तसबिरी अशाच आहेत.

पुठ्ठा सोडवू नका, कारण मागे छायाचित्रकाराचा शिक्का असण्याची शक्यता असते. दोन्ही बाजू स्कॅन करून घ्या, पूजेला त्याची नवी प्रत ठेवा आणि मूळ तसबीर निरांजनाच्या काजळीपासून दूर, कोरड्या जागी ठेवा. ठाण्याच्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर तर मुळीच टांगू नका.