विमा नसला तरी आपत्तीची मदत मिळते

प्रश्न : अतिवृष्टीत तीन एकर कोरडवाहू सोयाबीन गेलं. पीक विमा काढला नव्हता, म्हणून काहीच मिळणार नाही असं गावात सांगतात. सातबारा तिघा भावांच्या नावावर आहे. पुरात एक दुभती म्हैसही वाहून गेली. काय करावं?
– एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : गावातलं ते बोलणं मनावर घेऊ नका. विम्याची भरपाई कंपनी देते. आपत्तीची मदत सरकार राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून देतं. त्यासाठी विम्याची अट नाही. पिकाचं नुकसान मात्र ३३ टक्के किंवा जास्त हवं.

३० मे २०२५ च्या शासन निर्णयानुसार जिरायतीला (म्हणजे कोरडवाहूला) हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत. तुमचे तीन एकर म्हणजे साधारण १ हेक्टर २० आर. सगळं क्षेत्र बाधित धरलं तर सुमारे १०,२०० रुपये होतात. एवढ्यात लागवडीचा खर्चही निघत नाही, पण पैसा हक्काचा आहे, सोडू नका. मोठ्या आपत्तीत सरकार वेगळा निर्णय काढून वाढ देतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मर्यादा तीन हेक्टर झाली आणि रब्बीसाठी हेक्टरी १०,००० रुपये वेगळे जाहीर झाले. त्यामुळे तुमच्या नुकसानीच्या काळाला कोणता निर्णय लागू आहे, ते तहसीलमध्ये विचारा.

सगळं अवलंबून आहे पंचनाम्यावर. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक येतील तेव्हा स्वतः बांधावर हजर राहा. गट नंबर, पीक आणि बाधित क्षेत्र बरोबर लिहिलंय का, ते तिथेच वाचून घ्या. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईल ॲपवरून पिकाची नोंद, राहिली असेल तर सातबाऱ्यावर पीकच दिसत नाही आणि वाद तिथूनच सुरू होतो. पंचनाम्याआधी रान मोडू नका.

सामाईक खात्याची रक्कम एकाच्या नावे घ्यायची असेल तर बाकीच्या भावांचं संमतीपत्र तलाठ्याकडे आधीच द्या.

यादीत नाव आलं की विशिष्ट क्रमांक मिळतो. तो आणि आधार घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात ई-केवायसी करतात. ॲग्रिस्टॅकचा (शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदणीचा) शेतकरी ओळख क्रमांक असेल तर ई-केवायसी माफ आहे का, ते आधी विचारा. यानंतरही पैसे अडतात ते बहुतेक बँकेपाशी. पासबुक कोणतंही दाखवा, रक्कम आधारला जोडलेल्या खात्यातच पडते. पुष्कळांचं आधार जुन्या, बंद पडलेल्या खात्याला जोडलेलं असतं. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती आजच पाहा. खातं चुकीचं निघालं तर हव्या त्या बँकेत आधार जोडणीचा अर्ज द्या.

दुभत्या म्हशीला ३७,५०० रुपये मदत आहे. ती वाहून गेल्याचं तलाठ्याला लगेच लेखी कळवा, पंचनाम्याला शेजारी पंच घ्या आणि कानातल्या टॅगचा बारा अंकी क्रमांक नोंदवा. टॅग नसेल तर मदत नाकारली जाऊ शकते. मृतदेह सापडला तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी शवविच्छेदन केल्याशिवाय पुरू नका.