'मुलांचे समर्पण' की 'अर्पण'?

एका लेखिकेचा प्रश्न आहे: बायबलमधल्या आईवडिलांनी मुलांना श्रद्धेत कसं वाढवलं, यावरच्या लेखाचं शीर्षक 'मुलांचे समर्पण' ठेवू की 'मुलांचे अर्पण'? आणि 'समर्पित पालक' चालेल का?

'मुलांचे समर्पण' यात षष्ठी घोटाळा करते. मुलांनी स्वतःला समर्पित केलं, की मुलांना कुणी केलं? दोन्ही अर्थ निघतात. 'अर्पण'मध्ये पोचवणं, हवाली करणं हा मूळ भाव आहे. 'सम्' लागला की त्यात पुरेपूरपणा येतो. मराठीच्या वापरात मात्र वस्तू अर्पण होते आणि समर्पण बहुधा स्वतःचं असतं. म्हणून आईवडिलांचं समर्पण म्हणा, मुलांसाठी सरळ क्रियापद घ्या: हन्नाने आपल्या मुलाला, शमुवेलाला, देवाला वाहिलं.

'वाहणे' मला इथे फार योग्य वाटतं. फूल वाहतात तसं ओझंही वाहतात, आणि हन्नाच्या गोष्टीत दोन्ही आहे. दूध तुटेपर्यंत तिने मुलाला जवळ ठेवलं, मग शिलो इथल्या देवाच्या मंदिरात एली याजकाच्या (पुरोहिताच्या) हाती सोपवलं. पुढे दरवर्षी यज्ञाला जाताना ती त्याच्यासाठी एक लहानसा झगा करून नेई (१ शमुवेल २:१९). वर्षभर न पाहिलेल्या मुलाची बाही किती लांब ठेवायची, हे तिला मनातच मोजावं लागत असणार. त्यामुळे 'देवाला देऊन टाकलं' असं कृपा करून लिहू नका. 'टाकणे' आलं की हात झटकल्यासारखं होतं.

हिब्रूत तर हे आणखी सुंदर आहे. १ शमुवेलच्या पहिल्या अध्यायाच्या २७ आणि २८ व्या वचनांत तिचं देवाकडे मूल मागणं आणि ते मूल देवाला देणं एकाच धातूतून येतं. जे मागून मिळालं, तेच देणाऱ्याच्या हवाली.

'समर्पित पालक' मी टाळेन. समर्पित म्हणजे वाहिलेला. कुणाला, ते सांगावं लागतं. शिवाय एलीच पाहा. तो देवाच्या सेवेला वाहिलेला याजक, पण हफनी आणि फिनहास हे त्याचे मुलगे बहकले आणि त्याने त्यांना आवरलं नाही (१ शमुवेल ३:१३). मुलांसाठी खपण्याचा अर्थ हवा असेल तर 'मुलांसाठी झटणारे आईवडील' हेच नेमकं.

आणखी एक शब्द तुमच्या लेखाच्या अगदी गाभ्याशी जातो. नीतिसूत्रे २२:६ मध्ये मुलाला वळण लावण्यासाठी जे हिब्रू क्रियापद आहे, तेच नव्या घराच्या (बायबलमधलं 'अनुवाद' हे पुस्तक, २०:५) आणि शलमोनाच्या मंदिराच्या समर्पणासाठी (१ राजे ८:६३) वापरलं आहे. ज्यूंच्या 'हनुक्का' या सणाचं नावही त्याच धातूतलं. म्हणजे वाहणं आणि घडवणं एकाच शब्दात बसतं. त्या वचनात पुढे 'त्याच्या वाटेप्रमाणे' असंही आहे, मुलाच्या वाटेप्रमाणे. हे लेखात जरूर घ्या.

'श्रद्धेत' चुकीचं नाही, पण मराठी ख्रिस्ती बोलीत 'विश्वास' रुळलेला आहे. प्रेषित पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, त्याच्या आजीचा, लोईसचा, आणि आई युनीकेचा विश्वास आठवून देतो (२ तीमथ्य १:५). म्हणून मी शीर्षक 'विश्वासात वाढवलेली मुलं' असं ठेवीन.