बिटकॉइनला सोन्याचे माप

प्रश्न : बिटकॉइनची संख्या ठरलेली असल्याने त्याला सोन्यासारखी डिजिटल कमोडिटी मानून वर्षानुवर्षे मोजता येईल का?

उत्तर : पुरवठा मोजता येतो, आणि तोही सोन्याहून नेमका. कमाल मर्यादा २ कोटी १० लाख नाण्यांची असून दर २,१०,००० ब्लॉकनंतर (ब्लॉक म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचा एक गट), म्हणजे साधारण चार वर्षांनी, ब्लॉक जोडणाऱ्याला मिळणारे नव्या नाण्यांचे बक्षीस निम्मे होते. एप्रिल २०२४ मध्ये ते ६.२५ वरून ३.१२५ वर आल्याने आता दिवसाला सुमारे ४५० नाणी निघतात. त्यामुळे साठा भागिले वार्षिक उत्पादन हे गुणोत्तर (त्यात कायमची हरवलेली नाणीही धरली जातात) शंभरापलीकडे गेले आहे. सोन्याचे साठच्या आसपास आहे. मात्र त्यावरून भावाचे भाकीत करणाऱ्यांवर विसंबू नये. २०२२ मध्ये पुरवठा ठरल्याप्रमाणेच चालू असताना भाव निम्म्याहून खाली कोसळला, कारण मागणी या सूत्रात धरलेलीच नाही.