वकीलबाईंना विचारा: राजीनाम्याचा कागद

प्रश्न: वकीलबाई, निपाणीकडच्या एका धार्मिक संस्थेच्या विनाअनुदानित हायस्कुलात मी ११ वर्षं गणित शिकवते. नोकरी कायम आहे, शाळा राज्य बोर्डाची. मैत्रिणीसोबत राहते, आम्ही जोडीदार आहोत. कुणीतरी ते संस्थेच्या कानावर घातलं. सोमवारी हेडमास्तरांनी कन्नडमध्ये टाईप केलेला राजीनामा पुढे सरकवला. ‘शुक्रवारपर्यंत सही करा, नाहीतर पोलिसांत कळवू.’ भावाला यातलं काही ठाऊक नाही. काय करू? (नाव-गाव गाळलं आहे.)

उत्तर: बाई, सही करू नका. बाकीचं सगळं त्यानंतर.

तीस वर्षं बेळगावात शिक्षकांची प्रकरणं चालवतेय. असे कागद पुष्कळ पाहिलेत. एकावर तर तारखेची जागाच कोरी होती, संस्थेला सवडीने भरायला. राजीनामा मागतात कारण काढून टाकणं त्यांना जड जातं. कर्नाटक शिक्षण कायदा, १९८३ च्या कलम ९२ प्रमाणे चौकशी केल्याशिवाय, तुमची बाजू ऐकल्याशिवाय तुम्हाला बडतर्फ करता येत नाही. केलंच, तर कलम ९४ खाली तीन महिन्यांत शैक्षणिक न्यायाधिकरणात अपील करता येतं. पण स्वतःच सही दिलीत तर बडतर्फीचा आदेशच उरत नाही. मग अपील कशावर करायचं? ‘जबरदस्तीने घेतली’ हे शाबीत करत बसावं लागतं, तेही तुम्हालाच.

पोलिसांची धमकी पोकळ आहे. सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे दोन सज्ञान माणसांचे संमतीचे समलिंगी संबंध ६ सप्टेंबर २०१८ पासून गुन्हा नाहीत.

‘आमची अल्पसंख्याक संस्था, आम्हाला कायदा लागू नाही’ असं ऐकवतील. संस्था कुठल्या धर्माची हे तुम्ही लिहिलंय, मी मुद्दाम छापत नाही. या बाबतीत सगळे सारखेच. टी. एम. ए. पै खटल्यात (२००२) सुप्रीम कोर्टाने विनाअनुदानित अल्पसंख्याक संस्थांनाही सांगितलंय, शिक्षकावर कारवाई करायची तर रीत न्याय्य हवी आणि दाद मागायला न्यायाधिकरण हवं.

कडू गोष्टही सांगते. खासगी नोकरीत समलिंगी माणसाशी भेदभाव करू नये, असं थेट म्हणणारा कायदा आपल्याकडे नाही. २०१९ चा कायदा तृतीयपंथी व्यक्तींसाठी आहे. म्हणून भांडण रीतीवर करायचं. तुम्ही कुणासोबत राहता याचा खुलासा लेखी देऊ नका, तोंडीही नको. दोष काय, ते त्यांनी लिहून द्यावं.

अलीगढ विद्यापीठातले मराठीचे प्राध्यापक श्रीनिवास रामचंद्र सिरस आठवतात. एका पुरुषासोबत असताना घरात घुसून केलेल्या चित्रीकरणानंतर २०१० मध्ये त्यांना निलंबित केलं. १ एप्रिलला अलाहाबाद हायकोर्टाने निलंबनाला स्थगिती दिली, आणि आठवड्याभरात ते भाड्याच्या खोलीत मृत सापडले. एकटेच राहत होते. भावाला आज सांगायलाच हवं असं नाही, पण मैत्रिणीखेरीज आणखी एका विश्वासाच्या माणसाला हे माहीत असू द्या.

सोमवारी काय घडलं, ते तारीख-वेळेसह आजच लिहून काढा. ‘राजीनामा देण्याचा माझा विचार नाही, मी कामावर येत आहे’ एवढं दोन ओळींचं पत्र संस्थेला स्पीड पोस्टाने धाडा, प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना (बीईओ). पोच जपून ठेवा, हजेरीपटावर रोज सही करा. वकिलाच्या फीची काळजी नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बायकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. शुक्रवारी ऑफिसात एकट्या जाऊ नका, स्टाफरूममधल्या एखाद्या वयस्कर बाईंना बरोबर घ्या. कागद पुन्हा पुढे आलाच तर ‘घरी नेऊन वाचते’ म्हणा आणि पिशवीत टाका. तो आपल्याला लागणार आहे.