रोटरी इंजिनचे अ‍ॅपेक्स सील (तिकोनी रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या) झिजलेत का, हे इंजिन न खोलता कळतं का?

बऱ्यापैकी कळतं, पण साध्या कॉम्प्रेशन गेजवर (चेंबरमधला दाब मोजणाऱ्या मीटरवर) जाऊ नका, तो फक्त सगळ्यात चांगल्या फेसचं (तिकोनाच्या एका बाजूचं) रीडिंग धरून ठेवतो आणि एका रोटरला फेस असतात तीन. गेजचा रीडिंग धरून ठेवणारा व्हॉल्व्ह काढा, इंजिन गरम करून स्टार्टरने फिरवा आणि काटा किती उसळतोय ते बघा, तिन्ही उसळ्या सारख्या हव्यात. लागून दोन कमी असल्या तर अ‍ॅपेक्स सीलवर संशय घ्या, कारण एक सील दोन चेंबरच्या मधे असतो, आणि एकच कमी असेल तर बहुतेक साईड सील (रोटरच्या सपाट पृष्ठभागावरचा). आरपीएम पण लिहून ठेवा, हळू फिरलं की चांगलं इंजिनसुद्धा कमी दाखवतं.

खरं माप मात्र खोलूनच. माझदाच्या १३बी रोटरी इंजिनमधल्या २ मिमी जाडीच्या सीलची उंची नवी असताना ८ मिमी असते, ६.५ च्या खाली गेली की बदलायचा. मायक्रोमीटर दोन्ही टोकांना आणि मधे पण लावा, झीज सगळीकडे सारखी नसते. आणि प्लीज, सील बसतो ती खाच कार्बन काढून साफ केल्याशिवाय फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालू नका, क्लिअरन्स चुकीचा येतो. इंजिन तुमचं दुसरं असेल तर त्याच्याच मॅन्युअलमधली लिमिट धरा.