वळणात पाय उचलू नको, भाऊ

मित्राची टोयोटा एमआर-टू, ती दोन सीटची स्पोर्ट्स गाडी, गावाकडे आणतो म्हणतोस. आण, पण आधी थोडं ऐक.

इंजिन सीटमागे, मागच्या चाकांच्या पुढे. जड माल मध्यभागी, म्हणून गाडी चटकन वळते अन् तेवढ्याच चटकन गरकन फिरते. आपली स्विफ्ट आधी पुढून घसरते, सांगून-सवरून. ही सांगत नाही. वळणात वेग जास्त वाटला, घाबरून ॲक्सिलरेटर सोडला, की संपलं. बैलगाडी मागे जड होऊन उलार झाली की जू वर उचलतं ना? इथं उलटं होतं: वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी पडतात, पकड सुटते आणि मागची बाजू पुढे यायला पाहते. १९८९ ची दुसऱ्या पिढीची एमआर-टू यासाठीच बदनाम होती. पुढे कंपनीने सस्पेंशन आणि टायर बदलले. अशीच मध्ये इंजिन असलेली १९९६ ची लोटस एलिस तर जेमतेम सव्वासातशे किलोची, ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएसही नव्हतं.

म्हणून ब्रेक वळणाआधी, गाडी सरळ असतानाच. वळणात पाय हलका, पण स्थिर. मागचे टायर जुने असतील तर आणूच नको, नक्षी कितीही शाबूत दिसो.

आणि दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे डांबरावर सोयाबीन वाळत असते. ते दाणे चाकाखाली छर्ऱ्यासारखे फिरतात. मी एकदा साध्या गाडीने थेट तुरीत गेलो होतो. शेतमालकाने आधी तुरीचे पैसे मागितले, मग पाणी दिलं.